फ्लोरेन्सचा घुमट आणि कोल्हापूरच्या महाराजांची छत्री

आमची मुलगी नोकरीनिमित्त मिलानला राहते. तिच्याकडे जायचे ठरले तेव्हा सौभाग्यवतींच्या यादीत व्हेनिस पहिले होते, माझ्या यादीत फ्लोरेन्स. मी सार्वजनिक बांधकाम खात्यात तीस वर्षे काढलेला माणूस असल्यामुळे आधार न लावता बांधलेला तिथला विटांचा घुमट एकदा आतून पाहावा, ही इच्छा जुनी होती. दुसरे कारण घरच्यासारखे होते. आमच्या कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजी याच गावात, इंग्लंडहून परतीच्या वाटेवर असताना, जेमतेम विशीत निवर्तले आणि तिथल्या नदीकाठी त्यांची छत्री उभी आहे. राजाराम कॉलेजच्या दारावरून आयुष्यभर ये-जा केलेल्या माणसाने तिथवर जाऊन छत्री न पाहता यावे, हे मनाला पटेना. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस काढले.

पहिला दिवस

मिलानहून वेगवान रेल्वेने दोन तासांत फ्लोरेन्सला पोहोचलो. स्थानकापासून खोली चालत पंधरा मिनिटांवर होती. मात्र दगडी फरसबंदीवरून चाकांच्या बॅगा ओढताना जो खडखडाट होतो, त्याने निम्मे गाव जागे होत असावे.

सामान टाकून लगेच बाहेर पडलो. गल्ल्या अरुंद आणि दोन्ही बाजूंना चार-चार मजली घरे असल्यामुळे इतकी प्रचंड वास्तू जवळ असूनही दिसत नाही. आपल्याकडे महाद्वार रोडने चालताना दोन्ही बाजूंच्या दुकानांत गुंतलेली नजर वर उचलावी आणि अंबाबाईच्या देवळाचे शिखर एकदम समोर यावे, तसे झाले. गल्ली संपली आणि पांढऱ्या, हिरव्या व गुलाबी संगमरवराची भिंत समोर उभी राहिली. सांता मारिया देल फिओरे असे या कॅथेड्रलचे, म्हणजे गावाच्या मुख्य चर्चचे, नाव; तो घुमट याच्यावरच आहे. गावातले लोक नुसते दुओमो म्हणतात. पायाभरणी १२९६ साली आर्नोल्फो दी कांबियो याच्या आराखड्यानुसार झाली. शेजारचा घंटामनोरा जोत्तो या चित्रकाराने १३३४ मध्ये सुरू केला. लांबी १५० मीटरच्या पुढे आहे.

मुलीने एक गोष्ट सांगितली आणि मी चाट पडलो. दर्शनी भागावरचे हे सगळे संगमरवरी नक्षीकाम मध्ययुगीन मुळीच नाही. जुना अर्धवट दर्शनी भाग १५८७ मध्ये उतरवला गेला आणि त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे पुढची भिंत तशीच बोडकी होती. आज दिसतो तो साज एमिलिओ दे फाब्रिस याच्या आराखड्याप्रमाणे १८७६ ते १८८७ या काळात चढवला गेला. म्हणजे राजाराम महाराज फ्लोरेन्सला आले तेव्हा हे कॅथेड्रल पुढून उघडेच होते आणि मागे घुमट मात्र चार शतकांपासून जसाच्या तसा उभा होता. त्या वेळी फ्लोरेन्स ही इटलीची राजधानी होती, हेही मला तिथे जाऊन कळले.

रात्री एका लहान खानावळीत रिबोलिता मागवले. शिळा पाव, पांढरा घेवडा आणि काळपट हिरवी पालेभाजी एकत्र शिजवून केलेला हा घट्ट प्रकार आहे. आपल्या शिळ्या भाकरीच्या काल्याशी त्याचे नाते निघेल. सोबतच्या पावाचा पहिला घास घेताच सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, यात मीठ घालायला विसरलेत." विसरले नव्हते. टस्कनीचा, म्हणजे फ्लोरेन्स ज्या प्रांतात आहे तिथला, पाव मुळातच बिनमिठाचा असतो. वाढणाऱ्या बाईंनी ते अभिमानाने सांगितले. सौभाग्यवतींनी तितक्याच अभिमानाने पिशवीतून कांदा-लसूण चटणीची डबी काढली. बाईंनी बोटाच्या टोकावर चटणी घेऊन चाखली, डोळे पुसले आणि आत जाऊन स्वयंपाक्याला बोलावून आणले. पुढच्या तीन रात्री आम्ही तिथेच जेवलो.

शाकाहारी मंडळींनी एक सांभाळावे: सूपमध्ये मांसाचे पाणी असू शकते, म्हणून आधी विचारावे. आणि कॉफी उभ्याने प्यावी. टेबलावर बसून प्यायलात तर त्याच कपाचे बरेच जास्त पैसे पडतात.

दुसरा दिवस

कॅथेड्रलमध्ये प्रवेश विनामूल्य आहे, परंतु घुमटावर जाण्यासाठी ठरावीक वेळेचे आरक्षण लागते. आम्ही घेतलेल्या ३० युरोंच्या तिकिटात घुमट, मनोरा, बाप्तिस्मागृह, संग्रहालय आणि जुन्या चर्चचे तळघर असे सगळे येत होते व ते तीन दिवस चालत होते. घुमटाची वेळ मात्र एकच असते आणि ती चुकली की गेली. आमची चुकता चुकता राहिली. पाठीवरची मोठी पिशवी आत नेता येत नाही, हे दारात पोहोचल्यावर समजले. ती ठेवण्याची जागा चौकाच्या दुसऱ्या अंगाला होती. मुलगी धावली. मी तिकिटे हातात धरून दारावरच्या माणसाकडे केविलवाणे बघत उभा राहिलो, तेव्हा त्याने घड्याळाकडे एकदा पाहून आम्हाला भिंतीशी उभे केले आणि मुलगी येईपर्यंत थांबला. खांदे व गुडघे झाकणारे कपडे हवेत हेही लक्षात ठेवावे.

वर ४६३ पायऱ्या आहेत आणि उद्वाहक नाही. जिना सुरुवातीला गोल फिरत जातो आणि मग घुमटाच्या आतल्या कठड्यावर निघतो. तिथून वाझारी आणि झुक्कारी यांनी १५७२ ते १५७९ या काळात रंगवलेले अंतिम न्यायनिवाड्याचे चित्र इतके जवळ येते की नरकातल्या राक्षसाचे दात मोजावेत. खाली पाहिले तर माणसे मुंगीएवढी. सौभाग्यवतींनी खाली पाहिले नाही.

माझ्यासाठी खरा घुमट त्याच्या पुढे सुरू झाला. हा घुमट दुपदरी आहे, आतला जाड आणि बाहेरचा पातळ. त्या दोन कवचांच्या मधल्या पोकळीतूनच वाट वर जाते. शेवटी शेवटी ती इतकी तिरकी होते की माणूस पायऱ्या चढत नसून घुमटाच्या पाठीवरून रांगत आहे, असे वाटते. डाव्या हाताला विटा उघड्या आहेत. मी थांबलो, मागच्यांना पुढे जाऊ दिले आणि हात लावून पाहिले. आडव्या थरांच्या मध्ये ठरावीक अंतराने उभ्या विटा, त्यांची रांग माशाच्या काट्यासारखी वळत वर गेलेली. हा घुमट रचणाऱ्या फिलिप्पो ब्रुनेलेस्कीची सगळी करामत इथे आहे. खालून लाकडी साचा उभारून त्यावर कमान रचायची, ही नेहमीची रीत. पण जमिनीपासून पन्नास मीटरहून अधिक उंचीवर सुमारे ४५ मीटर रुंदीचे भोक झाकायचे असल्यामुळे तेवढा साचा उभारणे कोणालाच झेपणारे नव्हते. ब्रुनेलेस्कीने साचाच टाळला. आत झुकत जाणाऱ्या ओल्या थरातल्या विटा घसरू नयेत म्हणून मधल्या उभ्या विटा त्यांना चिमटीत धरतात आणि प्रत्येक फेरी पूर्ण झाली की ती स्वतःच स्वतःला पेलते. काम १४२० मध्ये सुरू झाले आणि १४३६ मध्ये घुमट मिटला. विटा चाळीस लाखांहून अधिक लागल्या, असे सांगतात.

आम्हा कोल्हापूरकरांना घुमट म्हटला की विजापूर आठवते. शाळेच्या सहलीत गोलघुमटात टाळी वाजवली नाही असा माणूस आमच्याकडे विरळा. तो घुमट आतून सुमारे ३८ मीटरचा आणि १६५६ चा. हा त्याच्यापेक्षा रुंद आणि दोनशेहून अधिक वर्षांनी जुना. दगड-विटांच्या घुमटांत जगात आजही हाच सर्वांत मोठा.

ब्रुनेलेस्कीचे मूळ शिक्षण सोनाराचे होते, हे वाचून मला आमची सोनारांची गुजरी आठवली. सोन्याच्या तारेशी खेळलेला हात विटांकडे वळला तर तो सांध्यातले अंतर सोडणार नाही, हे पटते. त्याने साहित्य वर चढवायला बैलांच्या जोडीवर चालणारे यंत्र केले होते आणि त्यात दात्यांची अशी योजना होती की बैल एकाच दिशेने फिरत राहावेत व ओझे मात्र कधी वर, कधी खाली जावे. गुऱ्हाळाच्या चरकाला जुंपलेले बैल माझ्या वडिलांच्या पिढीने पाहिलेले. बैलाला थांबवून, सोडून, उलटा जुंपायचा म्हणजे किती वेळ जातो, हे त्या पिढीतल्या कोणालाही विचारावे.

अर्ध्या वाटेवर भिंतीत एक लांब भेग दिसली आणि तिच्या दोन्ही काठांवर एक छोटे उपकरण बसवलेले. या घुमटाला मोठ्या भेगा आहेत, त्या काही शतकांपासून ठाऊक आहेत आणि त्यांची हालचाल सतत मोजली जाते. आमच्या खात्यात जुन्या पुलाला तडा गेला की त्यावर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून तारीख लिहीत. पट्टी फुटली म्हणजे तडा वाढला. इतक्या दूरवर, इतक्या थोर वास्तूच्या पोटात आपलीच काचपट्टी नव्या वेषात भेटावी, याचा मला घुमट पाहिल्याइतकाच आनंद झाला. मुलगी वरून हाका मारत होती.

वर पोहोचलो तेव्हा लाल कौलांचे गाव पायाखाली होते आणि डोंगरांवर ढग उतरले होते. पश्चिमेला नदीच्या कडेने झाडांचा लांब हिरवा पट्टा जात होता. त्याच्या टोकाला आम्हाला चौथ्या दिवशी जायचे होते.

उतरल्यावर पाऊस आला, त्यामुळे कॅथेड्रलच्या आत निवांत हिंडलो. बाहेरच्या मानाने आतला भाग अगदी साधा आहे. भाविकांना तो रिता वाटेल, मला बरा वाटला. दारावर पाओलो उच्चेल्लोने १४४३ मध्ये रंगवलेले घड्याळ आहे, ज्याचा एकुलता काटा उलटा फिरतो आणि चोवीस तास मोजतो. पण सौभाग्यवतींना जे आवडले ते दुसरेच. पाओलो तोस्कानेल्ली या गणितज्ञाने १४७५ च्या सुमारास घुमटाच्या टोकाशी एक छिद्र असलेली पट्टी बसवली. जूनमध्ये, दिवस सर्वांत मोठा असतो त्या सुमारास, मध्यान्हीचा सूर्यकिरण सुमारे ९० मीटर खाली येऊन फरशीतल्या खुणेवर पडतो. "म्हणजे यांचाही किरणोत्सव आहे की!" त्या म्हणाल्या. आमच्या अंबाबाईला मावळतीचा किरण वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर, पायांपासून मुखापर्यंत चढतो. इथे किरण वरून येतो आणि तो देवासाठी नसून पंचांगासाठी आहे, एवढा फरक. जूनच्या उत्तरार्धात जाणाऱ्यांनी चौकशी करावी, त्या दिवसांत हा किरण लोकांना दाखवतात.

तिसरा दिवस

सकाळी संग्रहालय पाहिले. शिल्पकार गिबेर्तीची सोनेरी दारे तिथे काचेमागे आहेत. बाहेर बाप्तिस्मागृहाला लावलेली प्रतिकृती आहे आणि सगळे जग तिच्यापुढे छायाचित्रे काढत असते. दहा चौकटींच्या या दारांवर गिबेर्तीने १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षे घालवली. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात यांतल्या पाच चौकटी पाण्याच्या लोटाने निखळून पडल्या होत्या, हे वाचल्यावर मी दारे दुसऱ्यांदा पाहिली.

पूर या शब्दाने कोल्हापूरकराचे कान टवकारतात. दुपारी आम्ही पुराच्या खुणा शोधत फिरलो. व्हिया देई नेरी या रस्त्याच्या एका कोपऱ्यावर, व्हिया सान रेमिजो मिळते तिथे, भिंतीत दोन खुणा आहेत: एक १३३३ च्या पुराची आणि तिच्याही वर १९६६ ची. मी हात उंच केला तरी पोहोचत नव्हता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून पाणी ५५ फुटांच्या वर गेले, तेव्हा शाहूपुरीतल्या माझ्या मावसभावाच्या घरात खिडकीपर्यंत पाणी होते. त्याने नंतर भिंत रंगवली तेव्हा ती रेघही पुसली. परत आल्यावर त्याला या कोपऱ्याचे छायाचित्र दाखवले, तो म्हणाला, "रेघ ठेवली असती तर घराला गिऱ्हाईक आलं नसतं." त्याचेही खरे आहे.

पोंते व्हेक्कियो हा जुना पूल १३४५ चा, आधीचा पूल त्या १३३३ च्या पुरात गेल्यावर बांधलेला. त्यावरची दुकाने पूर्वी खाटकांची होती. १५९३ मध्ये दुर्गंधीला कंटाळून राज्यकर्त्याने तिथे सोनार बसवले आणि आजही सोनारच आहेत. दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने इथल्या आर्नो नदीवरचे बाकीचे पूल उडवले आणि हा एकटा सोडला. गर्दी इतकी, की पुलावर असताना नदी दिसत नाही. पूल पाहायचा तर शेजारच्या सांता त्रिनिता पुलावरून, संध्याकाळी पाहावा.

सांता क्रोचे चर्चमध्ये मायकेलँजेलो आणि गॅलिलिओ यांच्या समाध्या आहेत. तिथे पाय दुखू लागले, एवढे नोंदवून पुढे जातो.

चौथा दिवस

सकाळी ट्रामने काशिने उद्यानापर्यंत गेलो. तिकीट चढताना यंत्रात लावून घ्यावे लागते. काशिना म्हणजे गोठा, दूधदुभत्याची जागा. फ्लोरेन्सवर राज्य केलेल्या मेदिची घराण्याच्या गुरांचे हे कुरण होते. गंगावेशीत कट्ट्यावर उभे राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या गावाच्या राजाची छत्री गोठ्याच्या नावाच्या उद्यानात असावी, याची मला गंमत वाटली. उद्यान नदीकाठाने तीन किलोमीटरहून लांब पसरले आहे आणि छत्री अगदी पश्चिम टोकाला आहे. पाऊण तास सहज लागतो, म्हणून पाणी आणि बऱ्यापैकी जोडे बरोबर असावेत. मंगळवारी सकाळी इथे मोठा आठवडी बाजार भरतो; आम्ही नेमके मंगळवारी गेलो आणि पहिला अर्धा तास सौभाग्यवती स्वस्त स्वेटरांत हरवल्या.

बाजार संपल्यावर शांतता झाली. रात्रीच्या पावसाने माती ओली होती. सायकलवाले, पळणारी मुले, मग कोणीच नाही. पुढे डाव्या हाताला आर्नो आणि उजवीकडून येणारी मुन्योने या दोन नद्या जवळ येऊ लागल्या, आणि त्या मिळतात त्या टोकाशी झाडांच्या मध्ये छत्री दिसली.

मला वाटले होते त्यापेक्षा ती लहान आहे. कोरीव खांबांवर घुमटीसारखे छत आणि खाली महाराजांचा अर्धपुतळा. हा पुतळा नुसता पांढरा नाही, रंगवलेला आहे. फेटा, गळ्यातले अलंकार, अंगरखा आणि तरुण चेहरा. शिल्पकार चार्ल्स फ्रान्सिस फुलर, फ्लोरेन्समध्ये राहणारा इंग्रज. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मांट याचा. आमचा न्यू पॅलेस ज्याने आखला, सीपीआर रुग्णालयाची इमारत ज्याची, तोच हा मांट. छत्री १८७४ ची आणि न्यू पॅलेसचे काम १८७७ ला सुरू झाले, म्हणजे कोल्हापुरात आपण ज्या कमानी आणि छत्र्या पाहतो त्यांची धाकट्या रूपातली थोरली बहीण इथे उभी आहे. मी खांबाच्या माथ्याकडे पाहत राहिलो. घराच्या रस्त्यावरून रोज दिसणारी वळणे परक्या झाडांत पाहिली की ती नव्याने दिसतात.

महाराज गेले तेव्हा इटलीत दहनाला मुभा नव्हती. बरोबरच्या मंडळींना हिंदू रीतीने, दोन नद्यांच्या संगमावर अंत्यविधी करायचा होता. नगरपालिकेकडून खास परवानगी मिळाली आणि गावापासून दूरचा हा संगम ठरला. चिखलीच्या प्रयाग संगमावर गेलेल्या माणसाला ही निवड समजावून सांगावी लागत नाही. त्या मंडळींनी गावाचा नकाशा पुढे ठेवून दोन नद्या कुठे मिळतात ते शोधले असेल, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. महाराजांनी या प्रवासात रोजनिशी लिहिली होती. ती १८७२ साली लंडनमध्ये छापली गेली. विशीतला राजा, समुद्र ओलांडून गेलेला, रोज रात्री बसून दिवसाचा जमाखर्च लिहीत होता.

चौथऱ्याच्या चार बाजूंना चार भाषांतील लेख आहेत. देवनागरी लेखासमोर मुलगी मोठ्याने अक्षरे लावू लागली. इतक्यात एक वयस्क गृहस्थ कुत्र्याला घेऊन आले आणि ऐकत उभे राहिले. मुलीने इटालियनमध्ये सांगितले की आम्ही यांच्याच गावचे. त्यांना ते आधी कळलेच नाही. त्यांच्या लेखी "इंदियानो" हे माणसाचे नव्हे, जागेचे नाव होते: इथला पूल इंदियानोचा, ही वस्ती इंदियानोची, लहानपणी ते सायकल घेऊन इंदियानोला येत. छत्रीपलीकडे नदीवर तारांनी तोललेला मोठा पूल आहे, १९७८ चा, आणि त्याचे नाव खरोखरच पोंते अल्लिंदियानो आहे. मी फोनवर न्यू पॅलेसचे छायाचित्र काढून त्यांच्यापुढे धरले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांजवळ नेला, मग छत्रीकडे पाहिले, पुन्हा फोनकडे. "एकाच हाताचे," ते म्हणाले.

सौभाग्यवतींनी पिशवीतून गुळाचा खडा काढला. मुलीच्या शेजाऱ्यांसाठी आणलेल्या ढेपेतला तो उरलेला तुकडा होता. त्यांनी तो चौथऱ्याशी ठेवला, हात जोडले, आणि आम्हीही जोडले. गृहस्थांनी टोपी काढली. आम्ही डोळे उघडतो तो कुत्र्याने गूळ संपवलेला होता आणि तो आणखी मिळेल या आशेने सौभाग्यवतींच्या पिशवीकडे पाहत होता. गृहस्थ कमालीचे ओशाळले. त्या म्हणाल्या, "असू दे हो, प्रसाद आहे," आणि मुलीला त्याचे भाषांतर करायला बराच वेळ लागला.

ते गृहस्थ आमच्याबरोबर ट्रामच्या थांब्यापर्यंत चालत आले. वाटेत त्यांनी दोनदा "कोल्हापूर" हा शब्द म्हणवून घेतला. ळ शब्दात नसूनही त्यांचा ल्हा काही केल्या जमत नव्हता.